कॅनन : नळी, काठी आणि यादी

१

साहित्यसिद्धान्ताच्या पदव्युत्तर वर्गात एकदा 'कॅनन'विषयी बोलणे चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, कॅनन म्हणजे तोफच ना? मग साहित्याची तोफ म्हणजे काय?' वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. इंग्रजीत 'तोफ' या अर्थाचा कॅनन आणि 'प्रमाण' किंवा 'प्रमाणभूत ग्रंथसंच' या अर्थाचा कॅनन हे दोन शब्द उच्चाराने सारखे असले तरी लेखनात एका अक्षराने वेगळे आहेत. पहिल्यात मधला 'एन' दोनदा येतो, दुसऱ्यात एकदा. देवनागरीत हा फरक नाहीसा होतो. मराठी समीक्षेने गेल्या काही दशकांत हा शब्द लिप्यंतर करून जसाच्या तसा घेतला, तेव्हा त्याच्यामागोमाग नकळत एक तोफही आत ओढून आणली. विद्यार्थिनी चुकली नव्हती. तिने आपल्या लिपीत जे लिहिले होते तेच वाचले होते.

या योगायोगामागे काही अर्थपूर्ण आहे काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे, हे शब्दव्युत्पत्तीचा कोणताही चांगला कोश सांगतो. त्यावरून 'प्रमाणग्रंथांची परंपरा ही मुळातच एक तोफ आहे, तिने इतरांना उडविले' असा निष्कर्ष चटकन काढता येतो, आणि चर्चासत्रांतून तो काढलाही जातो. प्रस्तुत लेखकाला हा निष्कर्ष मान्य नाही. परंतु व्युत्पत्तीने दाखविलेली वाट शेवटपर्यंत चालून गेल्यास मराठी समीक्षेपुढचा एक खरा प्रश्न अधिक स्वच्छ दिसतो, असे वाटते. तो प्रश्न तोफेचा नसून मोजण्याच्या काठीचा आणि यादीचा आहे.

२

प्रथम शस्त्राचा शब्द पाहू. इंग्रजी कॅनन फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो इटालियन 'कान्नोने'वरून आला. 'कान्ना' म्हणजे बोरूची किंवा वेताची नळी. तिचे मोठेपणा दाखविणारे रूप 'कान्नोने', म्हणजे भली मोठी नळी. फ्लॉरेन्स नगराच्या १३२६ मधील एका शासकीय कागदात धातूच्या अशा नळ्या तयार करवून घेण्याचा उल्लेख आहे आणि युरोपातील तोफांच्या सर्वांत जुन्या लेखी पुराव्यांत त्याची गणना होते. लॅटिन 'कान्ना' ग्रीक 'कन्ना'वरून आला आणि ग्रीकांनी तो सेमिटिक भाषांतून उचलला. अक्कादी भाषेत 'कनू' आणि हिब्रूत 'काने' हे बोरूचेच शब्द आहेत. नदीकाठच्या पाणथळीत उगवणाऱ्या या वनस्पतीच्या नावाने पुढे किती रूपे घेतली पाहा. आपल्या शेतातला कॅनॉल आणि दूरचित्रवाणीचा चॅनेल हे दोन्ही याच पोकळ नळीचे वंशज आहेत.

म्हणजे इंग्रजी शब्दाने तोफेचा आकार पाहिला. आपल्या 'तोफे'ने मात्र दुसरेच काही पाहिले. हा शब्द तुर्की 'तोप'वरून फारसीमार्गे आला, आणि तुर्कीत 'तोप' म्हणजे गोल वस्तू, चेंडू. इटालियनांनी नळीवरून नाव दिले, तुर्कांनी गोळ्यावरून. या शब्दाबरोबर तोफा ओतणारे कारागीरही दख्खनेत आले. विजापूरच्या बुरुजावर असलेली प्रसिद्ध तोफ अहमदनगरला १५४९ मध्ये ओतली गेली. तिचा कर्ता महंमद बिन हसन रूमी. त्याच्या नावातला 'रूमी' हा शब्दच त्याचा तुर्की मुलखाशी असलेला संबंध सांगतो. काही काळ ही तोफ मराठवाड्यातील परंड्याच्या किल्ल्यावर होती. तेथून १६३२ मध्ये ती विजापुरास नेण्यात आली.

नळीवरून नाव देण्याची रीत आपल्याकडेही होतीच. संस्कृतातील नड, नल, नाल हे बोरू-वेताचे आणि पोकळ देठाचे शब्द. हत्तीवरून डागायच्या तोफेला गजनाल, उंटावरच्या तोफेला सुतरनाळ ही नावे याच शब्दावरून बनली. ग्रीक 'कन्ना' आणि आपला 'नल' यांत भाषिक नाते नाही, पण पोकळ देठापासून पाण्याच्या नळापर्यंत आणि तोफेच्या नळीपर्यंतचा अर्थप्रवास दोन्हीकडे जवळजवळ सारखाच झाला. शस्त्राचे नाव शस्त्राच्या कामावरून पडतेच असे नाही. पुष्कळदा ते अगदी निरुपद्रवी वस्तूवरून पडते.

व्यक्तिनामांवरून किंवा प्राण्यांवरून पडलेली नावे हा आणखी एक प्रकार. इंग्रजी 'गन' हा शब्द गुनहिल्ड या स्त्रीनामावरून आला असावा असे बहुतेक कोशकार मानतात. विंडसरच्या किल्ल्यातील १३३० च्या सुमाराच्या शस्त्रयादीत एका मोठ्या क्षेपकयंत्राला 'गुनिल्दा बाई' असे नाव दिलेले आढळते. देवगिरीच्या किल्ल्यावरील आपली मेंढा तोफ तिच्या मागच्या टोकाला असलेल्या मेंढ्याच्या मुखामुळे लोकांनी ओळखली. तिच्यावर कोरलेले 'किला शिकन', म्हणजे किल्ला फोडणारी, हे फारसी नाव मात्र फक्त लेख वाचणाऱ्यांपुरते राहिले. राजदरबाराने दिलेले नाव कोरीव असूनही मागे पडावे आणि लोकांनी दिलेले तोंडी नाव टिकावे, ही गोष्ट प्रमाणाच्या चर्चेत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

३

आता दुसरा कॅनन. ग्रीक 'कन्ना'पासूनच 'कनॉन' झाला. परंतु येथे बोरूचा दुसरा गुण पाहिला गेला. तोफेने बोरूची पोकळी घेतली. 'कनॉन'ने त्याचा सरळपणा घेतला. कनॉन म्हणजे सुताराची किंवा गवंड्याची सरळ पट्टी, ज्या काठीला लावून भिंत ओळंब्यात आहे की नाही हे पाहायचे ती काठी. पोलिक्लायटस या शिल्पकाराने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात मानवी देहाच्या अवयवांच्या प्रमाणावर जो ग्रंथ लिहिला त्याचे नाव 'कनॉन', आणि त्या प्रमाणांचा दाखला म्हणून जो पुतळा परंपरेने दाखविला जातो तो 'भालाईत'. मूळ ब्राँझचा पुतळा नष्ट झाला; रोमन काळातील संगमरवरी प्रती उरल्या, त्यांत भाला उरलेला नाही. मूठ भाला धरल्यासारखी वळलेली आहे, भाला मात्र नाही.

पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेने हा शब्द घेतला. आरंभी, म्हणजे दुसऱ्या शतकात, त्याचा अर्थ 'श्रद्धेचा नियम' असा होता. कोणते म्हणणे खरे आणि कोणते पाखंड, हे ठरविण्याचे माप. चौथ्या शतकात तो शब्द ग्रंथांच्या यादीला लागला. अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष अथेनेशियस याने ३६७ मधील एका पत्रात नव्या कराराचे सत्तावीस ग्रंथ मोजून दिले. साहित्याच्या क्षेत्रात तर 'यादी' या अर्थाने हा शब्द फार उशिरा आला. अलेक्झांड्रियाच्या प्राचीन वैयाकरणांनी निवडक कवींच्या आणि वक्त्यांच्या याद्या केल्या होत्या, पण त्यांना 'कॅनन' हे नाव दिले ते डेव्हिड रूनकेन या विद्वानाने, १७६८ मध्ये.

याच ग्रीक शब्दाचा दुसरा ओघ अरबीत गेला आणि 'कानून' झाला. इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथाच्या नावात तो आहे. फारसीतून तो मराठीत आला. अष्टप्रधानांच्या कर्तव्यांचा जो शिवकालीन जाबता प्रसिद्ध आहे, त्याला कानूजाबता हेच नाव आहे. म्हणजे ज्या शब्दाला आपण विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीतून 'कॅनन' म्हणून आणले, तो राजकारभाराच्या मराठीत शतकानुशतके घरचाच होता. आपण ओळखले नाही, कारण तो दुसऱ्या दाराने आला होता.

इंग्रजीतही हे दोन शब्द नेहमीच आजच्याइतके वेगळे लिहिले जात नसत. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मध्ये नायकाच्या पहिल्या स्वगतात आत्महत्येविरुद्धच्या ईश्वरी नियमासाठी हा शब्द येतो. १६०४ च्या आवृत्तीत आणि १६२३ च्या संकलित आवृत्तीत तो शस्त्राच्या शब्दाप्रमाणे, दोनदा 'एन' घालून छापला आहे. नंतरच्या संपादकांनी एक अक्षर काढून तो 'नियम' केला. त्या काळच्या मुद्रकाला हा भेद पाळावासा वाटला नव्हता, एवढेच यावरून म्हणता येईल. तेव्हा आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न इतका अडाणीपणाचा नव्हता, हे मान्य करावे लागते.

४

येथेच व्युत्पत्तीचा मोह सुरू होतो. दोन शब्द एका मुळाचे, म्हणून दोन वस्तू एका स्वभावाच्या, असे अनुमान आपण सहज करतो. निरुक्तकारांपासून आजच्या सिद्धान्तकारांपर्यंत हा मोह कुणालाच सुटलेला नाही. परंतु शब्दाचे मूळ आणि त्याचा आजचा अर्थ यांत तर्काचे बंधन नसते. बोरूच्या पोकळीवरून एक नाव पडले, सरळपणावरून दुसरे. ही दोन भावंडे एकाच घरात जन्मली, पण वाढली वेगवेगळ्या गावी. तोफेने कधी प्रमाण ठरविले नाही आणि पट्टीने कधी तट पाडला नाही.

शिवाय हे रूपक समीक्षेला घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅनन म्हणजे तोफ असे एकदा मानले की वाङ्मयेतिहास हा किल्ल्याचा वेढा होतो. एका बाजूला आतले, दुसऱ्या बाजूला बाहेरचे. प्रश्न उरतो तो फक्त तट कधी पडणार आणि बुरुजावर कोणाचे निशाण लागणार एवढाच. त्यात ग्रंथ वाचण्याची गरजच उरत नाही. वाङ्मयावरील आपले वादविवाद आधीच या भाषेने भरलेले आहेत. आपण टीकेची तोफ डागतो, प्रश्नांची सरबत्ती करतो, आरोपांच्या फैरी झाडतो. यातला 'फैर' तर इंग्रजी 'फायर'चेच मराठी रूप. घणाघाती वक्त्याला आपण 'मुलुखमैदान तोफ' म्हणतो. त्या नावाचे मूळ रूप 'मलिक-इ-मैदान', रणांगणाचा स्वामी. मराठी जिभेने मलिकाचा मुलूख केला आणि तोफेचा वक्ता केला.

यांतील एका वाक्प्रचारापाशी मात्र या शहरात राहणाऱ्याने थांबले पाहिजे. 'तोफेच्या तोंडी देणे' हा वाक्प्रचार आपण किती सहज वापरतो! कनिष्ठ सहकाऱ्याला अवघड बैठकीला पाठविणे, नवोदित कवीला जाणकारांच्या मैफलीत उभे करणे, यासाठीही तो पुरतो. ही शिक्षा मोगल आणि मराठा राजवटींत होती, इंग्रजांनीही ती चालविली. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळातील शिपायांनी बंड केले. पुण्याहून आलेल्या वुडबर्नच्या फौजेने ते मोडले. काहींना फाशी झाली, काहींना गोळ्या घातल्या आणि काहींना शब्दशः तोफेच्या तोंडी दिले. क्रांती चौकातला काळा चबुतरा या आठवणीशी जोडलेला आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती छापली गेली तेही हेच वर्ष. कोशात शब्द ज्या वर्षी नीट लावले जात होते, त्याच वर्षी त्यांतील एकाचा अर्थ माणसांच्या देहावर वापरला जात होता. शस्त्राचे रूपक वापरू नये असे मी म्हणत नाही. संतांनीही शब्दांना शस्त्र म्हटले आहे. पण ज्याला तोफेचे तोंड प्रत्यक्ष दिसले त्याच्यासाठी ते रूपक नव्हते, एवढे भान समीक्षकाला असावे.

५

शस्त्र आणि प्रमाण यांचा संबंध पाहायचाच असेल तर तो परक्या शब्दाच्या व्युत्पत्तीत शोधण्याची गरज नाही. आपल्या शब्दांत तो अधिक उघड आहे.

शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'त शस्त्रवर्ग आणि लेखनवर्ग असे दोन निराळे वर्ग आहेत. कोशकाराला ही विभागणी करावीच लागते. भाषा मात्र ती पाळत नाही. 'कलम' हा शब्द घ्या. ग्रीक 'कलमोस' म्हणजे बोरू, हा 'कन्ना'हून वेगळा शब्द; त्यावरून अरबी 'कलम', म्हणजे बोरूची लेखणी. मराठीत कलम म्हणजे लेखणी, कलम म्हणजे कायद्याची पोटविभागणी, कलम म्हणजे आंब्याच्या फांदीवर चढविलेली दुसरी फांदी, आणि शिर कलम करणे म्हणजे धडावेगळे करणे. बोरू तिरका छाटल्याशिवाय त्याची लेखणी होत नाही. त्या छाटण्यातूनच हे अर्थ निघाले. लिहिणे, नियम करणे, जोडणे आणि तोडणे ही चारही कामे एका शब्दाने करणारी भाषा आपली आहे.

याहून महत्त्वाचा शब्द 'मानदंड'. कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या आरंभी हिमालयाला पृथ्वीचा मानदंड म्हटले, ते पूर्वपश्चिम समुद्रांना टेकलेल्या मोजकाठीच्या अर्थाने. मराठी समीक्षेने हा शब्द वाङ्मयीन निकषांसाठी स्वीकारला आणि तो ग्रीक 'कनॉन'चा नेमका प्रतिशब्द आहे. पण संस्कृतातील 'दंड' नुसते मापच नाही. दंड म्हणजे काठी, दंड म्हणजे शिक्षा, दंड म्हणजे सैन्य, दंड म्हणजे राजसत्ता. दंडनीती हे राज्यशास्त्राचेच नाव. इंग्रजीने एका अक्षराने जे दोन अर्थ वेगळे केले, ते आपल्या शब्दात एकाच काठीत आहेत. येथे दूरच्या व्युत्पत्तीचा आधार घ्यावा लागत नाही. 'दंड भरला' म्हणणाऱ्या कोणालाही दंडाचा हा दुसरा अर्थ ठाऊक असतो.

यातून निघते ते एवढेच : माप आपोआप उभे राहत नाही, ते कोणाच्या तरी हातात असते, आणि ज्याच्या हातात माप असते त्याच्या हातात बहुधा शिक्षाही असते. परंतु माप हे शिक्षेसाठीच असते असे यातून निघत नाही. गवंड्याची पट्टी भिंत सरळ करण्यासाठी असते. हा फरक पुसला की समीक्षा उरत नाही.

६

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. 'कॅनन' या एका शब्दात आपण दोन भिन्न गोष्टी कोंबल्या आहेत : मोजण्याची काठी आणि मोजून निवडलेल्या ग्रंथांची यादी. आधी काठी होती, तिने ग्रंथ मोजले, जे उतरले त्यांची यादी झाली, असे आपण गृहीत धरतो. वाङ्मयेतिहास पाहिला तर पुष्कळदा उलटे घडलेले दिसते. ग्रंथ आधी मान्य होतो आणि मग त्याच्यावरून काठी तासली जाते.

याचे उत्तम उदाहरण आपल्याजवळच पैठणला घडले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ मुळात निर्दोष होता, पण प्रती करणाऱ्यांच्या हातून पाठभेद शिरले, म्हणून तो शोधावा लागला, अशी त्यांची भूमिका. आणि यात कोणी स्वतःची ओवी मिसळू नये, असा कडक इशाराही त्यांनी देऊन ठेवला. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. मेंढा तोफेवरचा लेख औरंगजेबाच्या नावाचा, म्हणजे स्वामींच्या नंतरच्या शतकातला. पण किल्ला तोच. हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी एकनाथांनी रात्र जागविली आणि चूक सापडताच टाळी वाजविली, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. गुरूंचे चिलखत चढवून त्यांनी गडावर चालून आलेला शत्रू परतविला, ही दुसरी. आख्यायिकांना इतिहासाचे वजन देऊ नये. तरी लोकस्मृतीने ग्रंथशुद्धी करणाऱ्याच्या पूर्वायुष्यात नेमके हिशेब आणि शस्त्र ठेवावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

एकनाथांनी येथे केले काय? बाहेरचा नियम आणून ज्ञानेश्वरीला लावला नाही. प्रतींची तुलना करून ग्रंथातूनच ग्रंथाचे माप काढले. पुढे तीच ज्ञानेश्वरी मराठी ओवीची काठी झाली. नंतरची प्रत्येक ओवी तिच्याशी ताडून पाहिली जाऊ लागली. यादीतला पहिला ग्रंथ स्वतःच मानदंड झाला.

दुसरे उदाहरण महानुभावांचे. म्हाइंभटांचे 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. श्रीचक्रधरांच्या पैठणच्या वास्तव्यातील कितीतरी लीळा त्यात आहेत. पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत ठेवले आणि ते सहा शतके मराठी वाचकाच्या दृष्टीआड राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांमुळे ही लिपी उलगडली, आणि ह. ना. नेने यांच्या संपादनाने १९३० च्या दशकात 'लीळाचरित्र' सर्वांपुढे आले. तोवर जुने मराठी वाङ्मय म्हणजे मुख्यतः पद्य, असा आपला समज होता. या ग्रंथाने यादीत एका नावाची भर घातली, पण एवढ्यावरच ते थांबले नाही. बोलभाषेच्या जवळचे, प्रसंगाप्रसंगाने जाणारे, अलंकारांची हाव नसलेले गद्य हे श्रेष्ठ वाङ्मय असू शकते, हे मान्य करणे भाग पडले. म्हणजे यादी वाढली तेव्हा काठीही बदलली. खऱ्या अर्थाने नवा ग्रंथ हे दुहेरी काम करतो.

७

या भेदाच्या उजेडात दलित साहित्याच्या चळवळीचा प्रश्न पुन्हा मांडला पाहिजे, आणि तो या शहरातून मांडणे उचित आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने १९५० मध्ये येथे मिलिंद महाविद्यालय सुरू केले. त्या नागसेनवनाच्या परिसरात लिहिती झालेली पिढी, आणि साठच्या दशकाच्या अखेरीपासून गंगाधर पानतावणे यांनी चालविलेले 'अस्मितादर्श', यांनी जो प्रश्न विचारला तो 'आम्हांला यादीत घ्या' असा नव्हता. 'ही काठी कोणी कापली आणि ती कोणत्या भिंतीसाठी?' असा तो होता. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथाने सत्य-शिव-सुंदराची रूढ त्रयी अपुरी ठरवून माणसाचे स्वातंत्र्य आणि समता यांना मूल्य म्हणून पुढे केले, ते काठीविषयीचेच विधान होते. शरद् पाटील यांचे 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९८८) त्याआधीचे. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीयतेच्या मांडणीचा आणि 'टीकास्वयंवरा'चा (१९९०) रोखही काठीकडेच आहे, फक्त त्यांचा आक्षेप ती परदेशातून आणल्याबद्दल आहे. दलित समीक्षेचा आक्षेप ती याच देशात, विशिष्ट जातींच्या हातांत घडल्याबद्दल आहे. दोन्ही आक्षेप एकच आहेत असे समजण्याचा गोंधळ आपण पुष्कळदा करतो.

या प्रश्नाला विद्यापीठीय व्यवस्थेने दिलेले उत्तर मात्र यादीचे होते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. त्याच वर्षी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात संमत झाला. नामविस्तार प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. 'बलुतं' आणि त्यानंतरची आत्मकथने अभ्यासक्रमात त्या मानाने लवकर आली. परंतु ती वाचायची कशी, हे ठरविणारी प्रश्नपत्रिका बदलली काय? भाषेचा कच्चेपणा, रचनेचा विस्कळीतपणा, अनुभवाची दाहकता या तीन ठरावीक मुद्द्यांवर उत्तर लिहिण्याची पद्धत म्हणजे जुन्याच काठीने नवी भिंत मोजणे होय. 'लीळाचरित्रा'ने जे घडविले, ते या आत्मकथनांना आपण घडवू दिले नाही. त्यांना जागा दिली, पण अधिकार दिला नाही. पाठ्यपुस्तकात जागा मिळाली की न्याय झाला, असे मानण्याची सोय 'कॅनन' या दुहेरी शब्दाने करून दिली.

८

म्हणून संज्ञांचा आग्रह. तो केवळ भाषाशुद्धीसाठी नव्हे. 'कॅनन'ऐवजी आपल्याकडे 'अभिजात' हा शब्द वापरला जातो. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्याचा आनंद कोणाही मराठी अभ्यासकाला व्हावा असाच आहे. पण त्या निर्णयाचे स्वरूप शासकीय निकषांचे आहे. तेथे कॅननचा जुना भाऊ कानूनच काम करीत आहे. वाङ्मयविचारात 'अभिजात' वापरताना त्याचा शब्दार्थ विसरता येत नाही : चांगल्या कुळात जन्मलेला. ग्रंथाच्या श्रेष्ठतेसाठी जन्माचे रूपक वापरावे, आणि तेही ज्या समाजात जन्मावरून माणसाला मोजले गेले तेथे, हे निदान जाणीवपूर्वक तरी व्हावे. येथे मी व्युत्पत्तीच्या त्याच मोहात पडत आहे, असा आक्षेप घेता येईल. माझे उत्तर असे की, 'कन्ना' कोणाही मराठी वाचकाच्या कानात आज वाजत नाही. 'जात' मात्र वाजते. मेलेल्या व्युत्पत्तीने अर्थ ठरत नाही. जिवंत असलेली व्युत्पत्ती दुर्लक्षिता येत नाही.

सुचवायचे ते इतकेच. निकषाच्या अर्थी 'मानदंड' हा शब्द ठेवावा. त्यातील दंड ऐकू येतो, ही त्याची उणीव मानू नये. तो मापणाऱ्या हाताची आठवण करून देतो. निवडलेल्या ग्रंथांसाठी 'मान्य ग्रंथसंच' असा साधा, थोडा रुक्ष शब्द वापरावा. रुक्ष अशासाठी की, तो ऐकताच 'मान्य कोणाला?' हा प्रश्न पडतो. 'कॅनन' म्हटल्याने तो पडत नाही. हे दोन शब्द वेगळे ठेवले तर पुढच्या वेळी अभ्यासमंडळात एखाद्या पुस्तकाची भर घालण्याचा ठराव येईल, तेव्हा दोन प्रश्न वेगवेगळे विचारता येतील : संच वाढला काय, आणि मानदंड बदलला काय? पहिल्याचे उत्तर 'होय' आणि दुसऱ्याचे 'नाही' असेल, तर आपण ग्रंथाला आत घेतले, पण त्याचे म्हणणे बाहेर ठेवले, हे उघड होईल.

त्या विद्यार्थिनीला मी त्या दिवशी फळ्यावर दोन्ही इंग्रजी शब्द लिहून दाखविले आणि फरक समजावून दिला. आज तोच प्रश्न आला तर फरक नंतर सांगेन. आधी तिलाच विचारेन की, तिच्या अभ्यासक्रमातील पुस्तके कोणत्या काठीने मोजून तिथे आली, आणि त्यांतले कोणते पुस्तक त्या काठीला मोडू शकेल.